कितीचं लागलं?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की आपल्या हॉस्टेलचं रूपच पालटतं. एरवी अकरापर्यंत पांघरूण ओढून पडलेली मंडळी सकाळी सातला दाढी करून, रूममेटचा इस्त्रीचा शर्ट घालून, कोणाचा तरी टाय कोणाकडून तरी बांधून घेऊन मेसमध्ये हजर! पोह्यांचा घास तोंडात आणि अॅप्टिट्यूडचं पुस्तक हातात. संध्याकाळी नोटीस बोर्डासमोर गर्दी. आजकाल यादी मोबाईलवरच येते, पण बोर्डावर आपलं नाव बोटाने शोधण्यात जी मजा आहे ती त्यात नाही. मग कोणीतरी ओरडतं, त्याला खांद्यावर उचललं जातं, रात्री टपरीवर पार्टी होते. आणि या सगळ्या गोंधळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो.

"कितीचं लागलं?"

गंमत बघा, "कुठे लागलं?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर येतो आणि "काम काय आहे?" हे तर कोणी विचारतच नाही. मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका सीनियरला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "अरे, ते जॉइन झाल्यावर कळेल ना!" तो हसला, मीही हसलो. यंदा माझी पाळी आली तेव्हा लक्षात आलं की मलाही ते माहीत नव्हतं.

तर मित्रांनो, हा लेख त्या "कितीचं" बद्दल आहे. शिक्षण कशासाठी घ्यायचं, पैशासाठी की ज्ञानासाठी, हा विषय आपण सगळ्यांनी दहावीच्या निबंधात लिहून टाकलाय. दोन सुविचार, एक थोर पुरुष, शेवटी "म्हणूनच म्हटले आहे की", आणि आठपैकी सहा मार्क. मला तसा निबंध लिहायचा नाही. कारण गेल्या दिवाळीत याच विषयाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली आणि तीत मी सपशेल नापास झालो.

आधी पैशाबद्दल बोलू

पैशाला नावं ठेवणारा लेख मला लिहिता येणार नाही. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे पावसाचा भरवसा नाही. माझ्या इंजिनियरिंगसाठी बँकेचं कर्ज आहे आणि ते माझ्या एकट्याच्या नाही, आप्पांच्याही सहीचं आहे. अशा घरातल्या मुलाला कोणी "पैसा हे सर्वस्व नव्हे" असं सांगायला लागलं की त्याला आधी सांगणाऱ्याच्या पायातले बूट दिसतात. पोट भरलेल्याने उपवासाचं महत्त्व सांगू नये हे अगदी खरं.

पण म्हणून पॅकेजचा आकडा म्हणजे काय हे तरी आपल्याला नीट कळतं का? ऑफर लेटर उघडून बघा. वर मोठ्या अक्षरात वर्षाचा आकडा असतो. खाली बारीक अक्षरात त्याचे तुकडे असतात: मूळ पगार, घरभाडे भत्ता, कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कामगिरीवर मिळाला तर मिळणारा भाग, आणि कधी कधी एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस. दर महिन्याला हातात पडणारी रक्कम त्या मोठ्या आकड्याला बाराने भागून येत नाही. पार्टी मात्र मोठ्या आकड्यावरच मागितली जाते!

आणि तो आकडाही आपल्या हातात नसतो. २००८-०९ च्या जागतिक मंदीत ऑफर लेटर खिशात असूनही कित्येकांचं जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबलं. २०२२-२३ मध्ये आयटीत पुन्हा तेच झालं. कागदावरचा आकडा तोच, पण मुलगा घरी बसून. बाजाराने दिलेली किंमत बाजार कधीही बदलू शकतो. मग चार वर्षांत आपण असं काय मिळवलं जे बाजाराला बदलता येणार नाही?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे मला विहिरीवर कळलं.

मोटर

गेल्या दिवाळीची सुट्टी. शेतात कांद्याची लागण झालेली. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइन पाळीने येते. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. बाराच्या सुमारास लाइट आली आणि मी न् आप्पा बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो. तीन हॉर्सपॉवरची मोटर, लोखंडी पेटीत स्टार्टर, वर फेजचे तीन दिवे.

आप्पांनी हिरवं बटण दाबलं. मोटर नुसती "घूं" करायला लागली. फिरेना. त्यांनी लगेच लाल बटण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बघ रं काय झालंय. तू तर त्यातलाच हायेस."

इलेक्ट्रिकलचा फायनल इयरचा विद्यार्थी मी. मागच्याच वर्षी मशीन्सच्या पेपरात शंभरपैकी चौऱ्याहत्तर. म्हटलं, पंप जाम झाला असेल. मागचं कव्हर काढून पंखा हाताने फिरवला. सहज फिरला. म्हणजे जाम नव्हता. इथेच माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. दिव्यावरून आठवलं, पेटीवरचा तिसरा दिवा बंद होता. तो मी बघितला होता! मला वाटलं बल्ब गेला असेल.

मी पुन्हा बटण दाबलं. घूं. बंद केलं, पुन्हा दाबलं. घूं. आप्पा म्हणाले, "र्‍हाऊ दे, सकाळी वायरमनला बोलवू." पण मी इंजिनियर ना! तिसऱ्यांदा दाबलं आणि म्हटलं, जरा वेळ ठेवू, उचलेल. अर्धा-पाऊण मिनिट मी तसाच उभा होतो. मग तो वास आला. ज्यांनी जळक्या वॉर्निशचा वास एकदा घेतलाय त्यांना तो पुन्हा सांगावा लागत नाही.

मोटर माझ्या हाताने जळाली.

सकाळी कळलं ते असं. डीपीवरची एका फेजची फ्यूज तार उडालेली होती. तीनपैकी दोनच फेज मोटरला मिळत होते. स्टार्टरमध्ये अशा वेळी मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले असतो, पण तो उन्हाळ्यात सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी तार टाकून बायपास करून ठेवला होता. आमच्या भागात निम्म्या पेट्यांत हेच सापडेल.

मोटर घेऊन दहिवडीला वायंडिंगवाल्याकडे गेलो. मिस्त्री पन्नाशीचे, शाळा आठवीपर्यंत. त्यांनी मोटर उघडली, आतल्या कॉइल्सकडे एक नजर टाकली आणि विचारायच्या आत सांगितलं, "येक फेज गेला हुता. बटण दाबून धरलं हुतं का कुणी?"

मी गप्प. आप्पाही गप्प. मला वाचवत होते.

मिस्त्रींनी बोटाने दाखवलं. "ह्या बघ, दोन फेजच्या कॉइला काळ्याठिक्कर. आन् ही तिसरी, कशी तांबूस हाय तशी हाय. स्टारला जोडलेली मोटर येक फेज गेल्यावर अशीच जळती. डेल्टाला असती तर येकच फेज काळा पडला असता."

आता ज्यांची शाखा वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. थ्री फेज मोटरमध्ये कॉइल्सचे तीन गट असतात. तीन फेज एकामागून एक येतात म्हणून त्यांचं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि आतल्या रोटरला सोबत ओढतं. एक फेज गेला की क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी फक्त कमी-जास्त होत राहतं. उभ्या मोटरला सुरुवातीचा धक्काच मिळत नाही, म्हणून ती "घूं" करते. फिरत नसल्याने करंट मात्र नेहमीच्या कितीतरी पट ओढते. स्टार जोडणीत तुटलेल्या फेजच्या कॉइलमधून करंट जायला वाटच नसते. सगळा करंट उरलेल्या दोन गटांतून जातो. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन गट जळतात, तिसरा शाबूत. डेल्टात याच्या उलट, एक गट थेट दोन फेजच्या मध्ये सापडतो आणि त्यालाच सगळ्यात जास्त करंट सोसावा लागतो.

हे सगळं मला येत होतं! "सिंगल फेजिंगचे परिणाम लिहा" ही टीप मी परीक्षेत लिहिली होती, आकृतीसकट. ती पीएलमध्ये लोकल ऑथरच्या पुस्तकातून पाठ केली होती. घूं आवाज येतो, मोटर सुरू होत नाही, वायंडिंग तापते, हे तीनही मुद्दे मी ओळीने लिहिले होते. तीच मोटर माझ्यासमोर घूं करत होती आणि मला ती टीप आठवली नाही. कारण ती टीप माझ्यासाठी मोटरबद्दल नव्हतीच, मार्कांबद्दल होती.

मिस्त्रींनी सहज विचारलं, "तुमच्यात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?"

"शिकवतात की," मी म्हणालो. आणि सगळ्यात जास्त लाज मला या उत्तराची वाटली.

वायंडिंगला साडेचार हजार गेले. चार दिवस शेजारच्या विहिरीवरून पाण्याची पाळी मागून कांदा जगवला. आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

फॅरेडेचा हिशेब

सुट्टीवरून आल्यावर काही दिवस मोटरचा विषय डोक्यातून जाईना. मग ही मोटर मुळात ज्याच्या डोक्यातून आली त्याच्याकडे वळलो. मायकेल फॅरेडे हे नाव आपल्याला माहीत असतं ते नियमापुरतं आणि कपॅसिटरच्या एककापुरतं. माणूस कोण होता हे सिलॅबसमध्ये नाही.

फॅरेडे १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने व्याख्यानं ऐकली, सविस्तर टिपणं काढली, स्वतःच्या हाताने सुबक बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हीला पाठवून दिलं. १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून घेतलं गेलं. बाटल्या धुणं, उपकरणं मांडणं हे काम. (आपण लॅबमध्ये रीडिंग घ्यायचाही कंटाळा करतो, ते बाजूला ठेवू.)

पुढे त्याचं नाव झालं. कारखानदार, कंपन्या त्याच्याकडे रासायनिक तपासण्या करून घ्यायला यायला लागले. आजच्या भाषेत कन्सल्टन्सी. त्याच्यानंतर त्या संस्थेत काम केलेल्या जॉन टिंडॉलने १८६८ साली फॅरेडेवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याच्या कमाईचा हिशेबच दिलाय. १८३० साली या बाहेरच्या कामातून फॅरेडेला हजार पौंडांहून जास्त मिळाले. मनात आणलं असतं तर हा आकडा सहज पाच हजारांवर गेला असता. पण १८३२ साली तो आला दीडशेच्या आसपास आणि १८३८ मध्ये शून्यावर!

मध्ये काय घडलं? २९ ऑगस्ट १८३१. लोखंडाची एक कडी, तिच्या दोन बाजूंना दोन वेगळी वेटोळी. एका वेटोळ्यात बॅटरी जोडली की दुसऱ्यात क्षणभर करंट येतो आणि बॅटरी काढली की पुन्हा क्षणभर, उलट दिशेने. मधल्या काळात काहीच नाही. पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्याने लोहचुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करून तोच परिणाम मिळवला. बदलतं चुंबकत्व वीज निर्माण करतं. आपल्या शाखेचा अर्धा सिलॅबस या एका वाक्यातून निघतो: ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, इंडक्शन मोटर.

त्याच्यापुढे दोन रस्ते होते. एकीकडे हमखास पैसा, दुसरीकडे अर्धवट उलगडलेलं कोडं. दोन्ही करायला दिवसाचे तास पुरणार नव्हते. त्याने कोडं घेतलं. टिंडॉल म्हणतो की या निवडीत फॅरेडेने आयुष्यभरात दीड लाख पौंडांवर पाणी सोडलं.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फॅरेडे काही संन्यासी नव्हता. १८३५ च्या अखेरीस मिळालेली वर्षाला ३०० पौंडांची सरकारी पेन्शन त्याने घेतली. १८३६ पासून दीपगृहांच्या कामाबद्दल वर्षाला २०० पौंडांचं मानधनही घेतलं. पैसे नको म्हणून त्याने कंपन्यांची कामं सोडली नाहीत. त्या कामांत त्याचा जो वेळ जात होता तो त्याला प्रयोगांसाठी हवा होता. घर चालेल इतकं मिळतंय ना, मग उरलेलं आयुष्य कशावर खर्च करायचं हे मी ठरवणार, एवढंच त्याचं म्हणणं. पैशापेक्षा ज्ञान मोठं याचा साधा, व्यवहारी अर्थ मला इथे सापडला.

आणखी एक. त्याच्या शोधातून वीजघर उभं राहायला पुढे पन्नास वर्षं लागली. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झालं १८८२ साली. फॅरेडे १८६७ मध्येच गेला होता. म्हणजे "याचा उपयोग काय?" या प्रश्नाचं पैशातलं उत्तर त्याला जिवंतपणी पूर्ण मिळालंच नाही. तरीही तो समाधानात गेला असावा असं त्याचं चरित्र वाचताना वाटतं.

टेंभूचा मुलगा आणि साताऱ्याचं बोर्डिंग

तुम्ही म्हणाल, ते लंडन, ती दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बरं, जवळचं सांगतो.

आमच्या सातारा जिल्ह्यात कराडजवळ टेंभू नावाचं गाव आहे. आज हे नाव घेतलं की उपसा सिंचन योजना आठवते. तिथले प्रचंड पंप कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे ढकलतात. त्याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी अशी की पुण्यात शिकताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचे, ही आठवण आपण शाळेपासून ऐकत आलोय. एमए होत आलं तेव्हा त्यांनी आईला पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा की, आता मुलगा मोठ्या पगारावर जाईल, पांग फेडील, अशी आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी देणार आहे. एमए झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरी दारात चालत येत असे. हे पत्र लिहिताना त्यांच्या हाताला काय झालं असेल आणि वाचून घेताना आईला काय वाटलं असेल, याचा विचार मी कर्जाच्या हप्त्याचा कागद समोर ठेवून केला. सोपं नाही हो!

१८८० साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकर पुढच्या वर्षी आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्यांनी महिना ७५ रुपयांच्या आसपास पगारावर वीस वर्षं शिकवायचं, असा नियम. गोपाळ कृष्ण गोखले असेच राहिले. १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले आलेले, सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत येऊन याच संस्थेत शिकवायला लागले. त्यांना काय काय मिळू शकलं असतं याची कल्पना करा!

पण इथेही सगळं गुळगुळीत नव्हतं बरं का. सदस्यांनी संस्थेबाहेर काम करून कमाई करावी की नाही, सगळा वेळ संस्थेलाच द्यावा की नाही, यावरून भांडणं झाली. टिळकांचं मत कडक होतं. बाहेरची कामं नकोत. या आणि अशा मतभेदांतून त्यांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसांनाही पैसा आणि विद्या यांची मांडामांड एका दमात जमली नव्हती. आपल्याला जमत नाही यात नवल नाही. त्यांनी तो प्रश्न टाळला नाही, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक.

दुसरी गोष्ट हॉस्टेलची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची, गरीब घरची मुलं एका पंगतीला. एकदा मुलांच्या जेवणाचीच भ्रांत पडली. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आधीच संपल्यावर गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. बोर्डिंगमधल्या मुलांसाठी! त्या बाईंचं स्वतःचं शिक्षण किती झालं होतं? पण शिकण्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळली होती. आमचे आप्पा रयतच्याच शाळेत शिकले. आपल्या मेसची भाजी पातळ झाली की मी आता थोडा कमी ओरडतो.

"कमवा आणि शिका" ही भाऊरावांची योजना आपल्याला माहीत आहे. तिच्यातला क्रम बघा. आधी कमवा, मग शिका. कमाई कशासाठी, तर शिकता यावं यासाठी. आपण हाच क्रम कधी उलटा केला ते कळलंच नाही: शिका, म्हणजे कमवाल. दोन्हींत तेच दोन शब्द आहेत, पण शेवटी काय हातात ठेवायचं ते वेगळं आहे.

मग आपण काय करायचं?

लगेच कोणी नोकरी सोडून हिमालयात जायचं नाही. मी स्वतःपुरत्या चार-पाच गोष्टी ठरवल्यात, त्या सांगतो.

एक, दर सेमिस्टरला निदान एक विषय मूळ पुस्तकातून वाचायचा. लोकल ऑथर परीक्षेच्या आदल्या रात्री देवासारखा धावून येतो हे मान्य, पण सगळेच विषय देवाच्या भरवशावर नकोत. कोणता विषय? जो वाचताना मार्कांची आठवण होत नाही तो.

दोन, प्रॅक्टिकलची रीडिंग स्वतः घ्यायची. पूर्वीचे लोक काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारायचे, फायली छापायचे. आता चॅटजीपीटी अख्खी असाइनमेंट दोन मिनिटांत लिहून देतं. सबमिशन होतं, सही होते. पण जे काम मशीन आपल्यापेक्षा चांगलं करतं तेवढंच आपल्याला येत असेल, तर कंपनी उद्या आपल्याला पगार कशाबद्दल देईल? आणि तो प्रश्न बाजूला ठेवला तरी, चुकलेलं रीडिंग का चुकलं हे शोधताना जे कळतं ते दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

तीन, ज्युनियरला शिकवायचं. एखादी गोष्ट आपल्याला आली आहे की नुसती पाठ आहे, हे त्याच्या तिसऱ्या "का?" ला कळतं.

चार, वर्कशॉपमधले मामा, लॅब असिस्टंट, वायरमन यांच्याशी बोलायचं. त्यांच्या हातात जे आहे ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही. पण उलटंही खरं आहे. मिस्त्रींना मोटर कशी जळते हे बघून कळतं. डेल्टात एका गटातून नेमका किती पट करंट जातो हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं तेव्हा ते चहा विसरून बघत राहिले. ज्ञान वाटून घेताना दोघांचं वाढतं, पैशाचं तसं नाही.

पाच, सर-मॅडमना एक विनंती. रागावू नका. ओरलला "व्याख्या सांग" ऐवजी एकदा "तुझ्या घरच्या मोटरला असं झालं तर काय करशील?" असं विचारून बघा. निम्मे गडबडतील, मी तर गडबडलोच असतो. पण ती गडबड लॅबमध्ये झालेली बरी. विहिरीवर ती महाग पडते.

इथे कोणी म्हणेल, "म्हणजे शेवटी ज्ञानामुळे साडेचार हजार वाचले असते, असंच ना?" नाही. मोटर पुन्हा भरून मिळाली, पैसेही आप्पांनी कुठून तरी उभे केले. जे परत भरून येत नाही ते वेगळंच आहे. "तू तर त्यातलाच हायेस," असं म्हणताना त्यांच्या आवाजात जी खात्री होती, ती पॅकेजच्या आकड्याने विकत आणता येत नाही. ती त्या विषयातलं खरंच येत असेल तरच टिकते.

शेवटचं

मला नोकरी लागली. सॉफ्टवेअरमध्येच लागली आणि मी ती घेतलीय, कारण कर्जाचे हप्ते फॅरेडे भरणार नाही. याबद्दल मला लाज वाटत नाही. पण दरम्यान सेमिस्टर संपल्यावर आठ दिवस मी दहिवडीला मिस्त्रींच्या दुकानात बसलो. कॉइल भरायला शिकलो. पहिल्या दिवशी खाचेत कागद नीट बसेना, तिसऱ्या दिवशी तार तुटली, सातव्या दिवशी एक जुनी मोटर माझ्या हाताने भरून तयार झाली. तिन्ही फेजचा करंट सारखा आला. मिस्त्री म्हणाले, "आता झालास विंजिनेर." आजवरच्या कुठल्याच मार्कलिस्टने एवढा आनंद दिला नव्हता.

ऑफर आली त्या संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये नेहमीचा गोंधळ होता. सगळे विचारत होते, कितीचं, कितीचं. मी आकडा सांगितला, पार्टी कबूल केली आणि गच्चीवर जाऊन घरी फोन लावला. आई रडली. मग आप्पांनी फोन घेतला. मला वाटलं आता आकडा विचारतील, म्हणून तयारीतच होतो.

ते म्हणाले, "काम काय असतंय तिथं?"

मी मला कळलं होतं तेवढं सांगितलं. ते ऐकून घेत होते. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "आन् तुला येतंय का त्यातलं?"

"थोडं येतं. बाकीचं शिकतोय," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले. आकडा त्यांनी दुसऱ्या दिवशी आईकडून ऐकला.